खडवलीच्या अलीकडे: इलेक्ट्रिक गाडी, पुढचा डावा टायर आणि एक भाऊबीज

इलेक्ट्रिक गाडीने केलेल्या प्रवासांबद्दल मी या ब्लॉगवर आजवर बरंच लिहिलं. नाशिक झालं, अलिबाग झालं, माळशेजचा घाट झाला. एका चार्जमध्ये गाडी किती जाते, वाटेतला चार्जर बंद निघाला तर काय करायचं, चार्जिंग होईपर्यंत कुठली मिसळ खायची, सगळं सांगून झालं. तुमच्यापैकी काहींनी ते वाचून गाड्या घेतल्या आणि मला तसं कळवलंत, आणि ते मी चारचौघांत मिरवलंही. आज ज्या प्रवासाबद्दल लिहायला बसलेय तो या सगळ्यांत छोटा. ठाण्यात बाळकुमहून निघायचं, डोंबिवलीला बाबांना घ्यायचं आणि खडवलीला आत्याकडे भाऊबीजेला जायचं. अर्धी बॅटरीही लागली नसती. पण आम्ही पोहोचलो नाही.

आधी ठरलं कसं ते सांगते. आई गेल्यापासून बाबा डोंबिवली पश्चिमेला एकटे राहतात. ऐंशीला टेकलेत, गुडघे कुरकुरतात, साखर थोडी वर-खाली होते, बाकी ठणठणीत. सुमनआत्या ही त्यांची थोरली बहीण. तिचे यजमान रेल्वेत होते, निवृत्त झाल्यावर त्यांनी खडवलीला नदीजवळ घर बांधलं. ते गेल्यावरही आत्या मुलगा-सुनेबरोबर तिथेच राहिली. पाच भावंडांपैकी आता ही दोघंच उरलीत. भाऊबीजेला बाबांनी खडवलीला जायचं हा आमच्या घरचा वर्षानुवर्षांचा नेम, पण गेली तीन वर्षं तो मोडला. एका वर्षी आईचं झालं होतं, त्यामुळे सणच नव्हता. पुढच्या वर्षी बाबांचा गुडघा इतका सुजला की त्यांना जिना उतरवेना. त्यानंतर आत्याचं खुब्याचं ऑपरेशन झालं आणि ती पुण्याला लेकीकडे जाऊन राहिली. या वर्षी नवरात्रातच तिचा बाबांना फोन आला, "बाळू, या वर्षी तू यायचंस. मला आता येववत नाही. आणि पुढच्या वर्षीचं मी काही बोलत नाही."

बाबांचा बेत अगदी साधा होता. डोंबिवलीला कसाऱ्याची लोकल पकडायची, खडवलीला उतरून रिक्षा करायची. इतकी वर्षं ते तसेच जात आले होते. मीच म्हटलं, "काही नको बाबा. जिने चढा, धक्के खा, कशाला? मी तुम्हाला दारातून उचलते आणि आत्याच्या दारात सोडते." बाबा एकदम तयार झाले नाहीत. "सणाचा रस्ता आहे, कशाला उगाच?" म्हणाले. मी हट्टाने माझंच खरं केलं. आत्याने आमची गाडी पाहिलेली नव्हती. नदीकाठी गाडी उभी करून तिच्या दोन्ही बाजूंना ही दोन म्हातारी भावंडं, असा एक फोटो या ब्लॉगसाठी मी डोक्यात काढूनही ठेवला होता.

आता टायरचं, जे मी आजवर कधीच लिहिलं नाही. इलेक्ट्रिक गाडी तेवढ्याच आकाराच्या पेट्रोलच्या गाडीपेक्षा बरीच जड असते, कारण पोटाखाली बॅटरी असते. पाय दाबला की सगळा जोर त्याच क्षणी चाकांवर येतो. सिग्नल सुटल्यावर शेजारच्याला मागे टाकायची जी मजा येते ती टायरच्या जिवावर. पाय उचलला की मोटरच गाडीला मागे ओढते आणि बॅटरीत थोडी भर घालते. आमच्या गाडीत ही दोन्ही कामं पुढचीच चाकं करतात. त्यात माझं ऑफिस घोडबंदर रोडला, म्हणजे रोज दोन्ही वेळा थांबा, निघा, थांबा, निघा. ब्रेक पॅड अजून नव्यासारखे आहेत हे मी ज्याला-त्याला सांगत सुटायचे. ब्रेकचं जे वाचलं ते टायरमधून वसूल होत होतं, हे मात्र डोक्यात आलं नाही.

दसऱ्याच्या सुमारास गाडी सर्व्हिसिंगला दिली तेव्हा कळलं की पुढचे दोन्ही टायर आतल्या कडेने झिजून गुळगुळीत गोटा झालेत. बाहेरून बघाल तर नक्षी छान दिसत होती. अलाइनमेंट थोडं बिघडलं होतं आणि जड गाडी दोन पावसाळे खड्ड्यांत आपटली होती, त्यामुळे झीज सगळी आतून झाली होती. आमच्या मापाचा, आणि एवढं वजन पेलणारा टायर कुठल्याच दुकानात तयार नव्हता. तो मागवावा लागणार होता. चार-सहा दिवसांत येईल, असं दुकानदार म्हणाला. त्यावर मंदार, म्हणजे माझा नवरा, म्हणाला, "मग पाडव्यालाच बसवू की. मुहूर्त आहे." साडेतीन मुहूर्तांतला दिवाळीचा पाडवा हा अर्धा. अर्धा का होईना, आम्ही तो धरला. दसऱ्याला त्याच गोटा टायरांना हळदकुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवून पूजा केली, आणि नवे टायर पाडव्याच्या बेताने मागवायला दुकानदाराला सांगून मोकळे झालो. पाडव्याला दुकानात गेलो तर पूजा मांडलेली, पेढे हातावर, आणि टायर भिवंडीत ट्रान्सपोर्टवाल्याच्या गोदामात अडकलेले, कारण हमाल गावी गेलेले. "भाऊबीज झाली की या ताई," दुकानदार म्हणाला. आम्ही पेढा खाल्ला आणि परत आलो. खडवली काय, इथल्या इथे तर आहे, असं मी मनाशी म्हटलं.

भाऊबीजेच्या सकाळी बंगळूरच्या भावाला व्हिडिओ कॉलवर ओवाळलं. फोन समईला टेकवलेला, भाऊ तिकडे नुकताच उठलेला. मंदार त्याच्या बहिणीकडे वाशीला गेला आणि मी गाडी काढली. बॅटरी पूर्ण भरलेली होती. आमच्या सोसायटीत चार्जर दोन आणि गाड्या भरपूर, त्यामुळे ग्रुपवर नंबर लावावा लागतो. पाडव्याच्या रात्रीचा नंबर मी आठवडाभर आधी सांगून ठेवला होता. चार्जिंगच्या बाबतीत मी ही अशी दक्ष.

बाळकुमहून कशेळीचा पूल ओलांडून माणकोलीला आलं की तिथून मोठागावच्या नव्या पुलावरून थेट डोंबिवली पश्चिमेत उतरता येतं. हा पूल होण्याआधी शीळफाट्याने डोंबिवलीला जायचं म्हणजे डबा बरोबर घेऊन निघण्यासारखं होतं. आता खाडीवरचा वारा खात माणूस वीसेक मिनिटांत पोहोचतो. सकाळी गेलात तर पुलावर गाडी थांबवायचा मोह होईल, पण थांबवू नका, मागून ट्रक येतात.

बाबा इमारतीच्या दारात तयार होऊन उभे होते. कडक इस्त्रीचा झब्बा, नुकतेच कापलेले केस, हातात कापडी पिशवी. पिशवीत अनारशांचा डबा आणि आत्यासाठी मोरपंखी रंगाची साडी. ती त्यांनी स्वतः तीन दुकानं फिरून घेतली होती. एरवी साडीखरेदी आईकडे असायची. गाडीत बसल्यावर त्यांनी पिशवी मांडीवरच ठेवली.

"मागे ठेवा ना बाबा, चुरगळेल साडी."

"राहू दे. मांडीवर असली की लक्षात राहते." मग मागे वळून बघत म्हणाले, "स्टेपनी कुठे असते गं हिची?"

"या गाडीला स्टेपनी नसते, बाबा. बॅटरीमुळे जागा नाही. त्याऐवजी किट असतं. टायरमध्ये औषध भरायचं आणि हवा मारायची."

"म्हणजे छत्री नाही, छत्री दुरुस्त करायचं सामान आहे," बाबा म्हणाले आणि त्यांनी पट्टा लावला.

आम्ही परत माणकोलीला आलो आणि नाशिक हायवे धरला. माणकोली नाक्याला टपरीवर चहा घेतला. बाबांचा बिनसाखरेचा. पडघ्यापर्यंत दोन्ही बाजूंना भिवंडीची गोदामंच गोदामं आहेत, सणाचा दिवस म्हणून तीही गप्प होती. रस्त्याचं काम चालू आहे, वळणं बदलत राहतात, वाळू आणि खडी पसरलेली असते, तेव्हा इकडे येणाऱ्यांनी वेग बेताचाच ठेवावा. बाबा मजेत होते. लहानपणी आत्या त्यांना शाळेत सोडायला यायची आणि वाटेत त्यांच्या वाटणीचा खाऊ स्वतःच खायची, हे ते मला चाळिसाव्यांदा तरी सांगत असतील. मध्येच थांबून त्यांनी कान दिला.

"काहीतरी घुमतंय."

"रस्त्याचा आवाज आहे. इंजिन नाही ना, म्हणून ऐकू येतो."

हे अर्धंच खरं होतं. इंजिनाचा आवाज नसला की टायरचा आवाज जास्त जाणवतो, पण वेडावाकडा झिजलेला टायर वेगळाच घुमतो, आणि तो आवाज मी महिनाभर ऐकत होते. रोजचा झाला की आवाज ऐकू येणं बंद होतं, दुसरं काय.

पडघ्याहून खडवलीकडे वळलं की रस्ता एकदम गावचा होतो. दोन्हीकडे भाताची कापणी चालू, काही खाचरांत कापलेला भात आडवा घातलेला, हवेत पेंढ्याचा वास. इथे काचा खाली करा आणि एसी बंद ठेवा, एवढं माझं ऐका. पावसात खचलेल्या रस्त्याला ठिकठिकाणी नुसती खडी टाकून ठेवली होती. समोरून एक गाडी आली म्हणून मी डावीकडे घेतलं आणि डांबराच्या तुटलेल्या कडेवरून चाक खाली उतरलं. खड्डा काही फार मोठा नव्हता. फाटकन आवाज आला आणि स्टिअरिंग डावीकडे ओढायला लागलं.

एका बंद पिठाच्या गिरणीसमोर गाडी थांबवली. पुढचा डावा टायर. चाक वळवून आत बघितलं तर आतल्या कडेला बोटभर फाटलेलं, आणि त्या चिरेतून टायरच्या आतल्या तारा दिसत होत्या. मी किट काढलं, औषध भरलं, पंप लावला. औषध दुधासारखं बाहेर आलं आणि खडीत जिरलं. खिळ्याच्या भोकाला ते चालतं, फाटलेल्या कडेला नाही. हे किटवर लिहिलेलंही असतं.

कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन केला. पलीकडची मुलगी फार गोड बोलली. गाडी उचलून न्यायला ट्रक पाठवते म्हणाली, वीस ते तीस मिनिटं. इलेक्ट्रिक गाडी चाकांवर ओढत नेता येत नाही, मोटर खराब होते, पूर्णच ट्रकवर चढवावी लागते, त्यामुळे कुणाचा तरी ट्रॅक्टर बोलवा असलाही मार्ग नव्हता. ट्रक कल्याणहून येणार होता. कल्याण तर हाकेच्या अंतरावर. मला हायसं वाटलं. समोरच्या घरातल्या वहिनींनी न मागता बाबांना खुर्ची आणून दिली, पाणी दिलं. पंक्चरवाल्याचं विचारलं तर त्या म्हणाल्या, "आज कुठला भेटतो ताई? समदे बहिनींकडं गेलेत."

जेमतेम अकरा वाजले असतील, एक छोटा टेम्पो येऊन थांबला. चालवणारा तिशीचा, कपाळाला ताजा टिळा. खाली उतरून त्याने टायर पाहिला, च्च केलं आणि बाबांना विचारलं, "काका, जायचं कुठं?"

"खडवली. बहिणीकडे."

"मंग बसा ना फुडं. मी पन बहिनीकडंच चाललोय, टेसनाजवल. तुमाला घरापाशी सोडतो नि जातो."

बाबा खुर्चीतून उठले. पिशवी त्यांच्या हातातच होती. टेम्पोच्या दारापर्यंत ते चालत गेले आणि पाय कुठे ठेवून चढायचं ते बघायला लागले. मी म्हटलं, "थांबा ना बाबा. ट्रक येतोच आहे. ठाण्या-कल्याणला फोन करून तात्पुरता कुठला तरी टायर मागवते, तास-दीड तासात आपण आपल्या गाडीने जाऊ. टेम्पोत कुठे चढताय, गुडघा परत सुजेल."

गुडघ्याची काळजी खोटी नव्हती. पण त्याच्यामागे त्या फोटोचीही आस होती. टेम्पोतून उतरणारा भाऊ मला आत्याच्या दारात नको होता. मी आणते म्हटलं होतं, तर मीच आणणार.

बाबांनी एकदा टेम्पोकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "बरं," म्हणाले. टेम्पोवाला आणखी मिनिटभर थांबला, परत एकदा विचारलं, मग गेला. आत्याचं घर तिथून टेम्पोने फार तर पाव तासावर होतं. बाबा खुर्चीत येऊन बसले आणि त्यांनी पिशवी पुन्हा मांडीवर घेतली.

त्यानंतरची दुपार कशी गेली ते तासातासाने सांगत नाही. मदत क्रमांकावरचा आवाज बदलत गेला, वीस मिनिटं तेवढी तीच राहिली. ट्रकचा पहिला चालक बहिणीकडे मुरबाडला गेला होता. दुसऱ्याचा शोध चालू होता. ठाण्यातलं टायरचं दुकान बंद, कल्याणमधली दोन उघडी सापडली तर त्यांच्याकडे ते माप नाही. रिक्षा येत होत्या त्या बायका-पोरांनी भरलेल्या, हात केला की चालक लांबूनच मान हलवायचे. ज्या सणासाठी आम्ही निघालो होतो त्याच सणासाठी अख्खा तालुका निघालेला होता, आणि आम्हाला घेऊन जायला कुणीच मोकळं नव्हतं. आत्याकडून कुणी येईल म्हणावं तर सून भावाला ओवाळायला माहेरी, मुलगा तिच्याबरोबर. घरी आत्या एकटी.

जेवणाच्या वेळेला तिचा फोन आला. बाबांनी स्पीकर लावला, त्यांना तसंच बोलायची सवय आहे.

"कुठे आहात रे?"

"पडघ्याच्या पुढे आलोय. टायर गेलाय. आला की निघालोच."

"सावकाश या, घाई नको. मी जेवले माझं."

"काय केलंस?"

आत्या जराशी अडखळली. "हेच आपलं. वरणभात."

फोन ठेवल्यावर बाबा म्हणाले, "खोटं बोलतेय. भाऊबीजेला वरणभात करील का ती?" भावाला ओवाळल्याशिवाय आत्या पाणीही घेत नसे, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. वहिनींनी बाबांना चहा-पोळी दिली ती त्यांनी साखर सांभाळण्यापुरती खाल्ली. अनारशांचा डबा मी उघडायला गेले तर नको म्हणाले. तो तिचा होता.

मी रस्त्यावर येरझाऱ्या घालत होते. त्या टेम्पोवाल्याचं तोंड सारखं डोळ्यांपुढे येत होतं. तो आतापर्यंत बहिणीकडे जेवून, गप्पा मारून परतीला लागला असेल. वाटलं, बाबा एकदा तरी ओरडतील, काय गं ही तुझी गाडी, म्हणतील. उलट मलाच म्हणाले, "सावलीत बस, डोकं दुखेल." त्याने मला जास्त रडू आलं आणि मी गाडीच्या पलीकडे जाऊन उभी राहिले.

ट्रक आला तेव्हा सूर्य मावळला होता. चालक दमलेला, डोळे लाल. गाडी वर चढवून पट्टे आवळून झाल्यावर मी त्याला म्हटलं, "दादा, आधी खडवलीला चला ना. यांना फक्त बहिणीकडे सोडायचंय. जवळच आहे, जास्तीचे पैसे देते."

"मॅडम, गाडी ठाण्याला टाकायचं बुकिंग आहे माझं." मग जरा थांबून, बाबांकडे न बघता तो म्हणाला, "आणि खरं सांगू? सकाळपासून चौथी गाडी ही. माझी पण बहीण बसलेय उल्हासनगरला, उपाशी. तुम्हाला टाकलं की तसाच जाणार आहे. खडवलीला शिरलो, ट्रक वळवायला जागा नाही मिळाली, की माझी भाऊबीज गेली."

मी पुन्हा काहीतरी बोलणार होते. बाबांनी माझा हात धरला. "चल," म्हणाले, "याची बहीण तरी जेवू दे."

ते ट्रकच्या केबिनमध्ये चढले. सकाळी ज्या उंचीला मी घाबरले होते त्याच्या दुप्पट उंचीला, चालकाने वरून हात दिल्यावर, एका पायावर जोर देत चढले. पडघ्याला हायवे लागल्यावर त्यांनी आत्याला फोन केला. या वेळी स्पीकर लावला नाही. मला त्यांचंच बोलणं ऐकू येत होतं. "नाही जमलं गं... हो... हो का?... बरं... जेव आता." फोन खिशात ठेवून त्यांनी पिशवी मांडीवर सारखी केली.

"काय म्हणाली?"

"काही नाही. सांभाळून जा म्हणाली."

मोठागावच्या पुलावरून थोडासाच वळसा आणि रस्ता मोकळा, म्हणून चालक तयार झाला आणि बाबांना डोंबिवलीला सोडलं. पिशवी घेऊन ते एकटेच वर गेले. मी येते म्हटलं तर नको म्हणाले, ट्रकवाला खोळंबेल.

टायर दोन-तीन दिवसांत आले. एक साधारण दहा हजारांचा, दोन बसवले, अलाइनमेंट करून घेतलं. तुमच्यापैकी जे गाडी घेणार आहात किंवा घेऊन बसला आहात, त्यांना आता मी रेंजच्या आधी टायरचं सांगणार आहे. महिन्यातून एकदा स्टिअरिंग पूर्ण वळवा, खाली वाका आणि टायरची आतली कड हाताने चाचपून बघा. बाहेरून दिसतं त्यावर जाऊ नका. पुढच्या-मागच्या टायरांची वेळेवर अदलाबदल करा, पेट्रोलच्या गाडीला चालतं तेवढं थांबू नका. हवा गाडीच्या दारावर लिहिलेली असते तेवढीच ठेवा, पंपावरचा माणूस सवयीने कमी भरतो. तुमच्या मापाचा टायर तुमच्या गावात मिळतो का हे गाडी घेण्याआधी विचारा. जमत असेल तर वेगळी स्टेपनी आणि जॅक विकत घेऊन लांबच्या प्रवासाला डिकीत टाका, जागा खाल्ली तर खाऊ दे. आणि बदलायचा टायर मुहूर्तासाठी ठेवू नका. गाडी वाईट नाही. मी ती विकणारही नाही, घोडबंदरच्या गर्दीत तिच्याइतकी शांत जागा मला दुसरी नाही. पण तिच्या कौतुकात मी एका म्हाताऱ्या माणसाला टेम्पोच्या दारातून मागे बोलावलं, आणि ते मला दहा हजारांचा टायर टाकून परत मिळणार नाही.

शनिवारी मी डोंबिवलीला गेले. साडीची पिशवी दाराजवळच्या खुंटीला टांगलेली होती. मी बाबांना म्हटलं, "उद्या जाऊ या खडवलीला? टायर नवे आहेत, आता काही होणार नाही. आत्या उद्याही ओवाळेल की."

"ओवाळणं झालं तिचं," बाबा म्हणाले.

"म्हणजे?"

"ताट मांडलं की तसंच उचलायचं नसतं म्हणे. संध्याकाळपर्यंत वाट बघितली. मग काठी घेऊन अंगणात गेली आणि चंद्राला ओवाळलं. फोनवर सांगितलं मला तेव्हा, ट्रकमध्ये."

चंद्राला भाऊ नसलेल्या बायका ओवाळतात. माझी आजी ओवाळायची, तिला भाऊ नव्हता म्हणून. आत्याचा भाऊ तिच्या घरापासून पाव तासाच्या अंतरावर साडी मांडीवर घेऊन बसला होता, आणि तो माझ्यामुळे बसला होता. मला बाबांकडे बघवेना. "बाबा, माझं चुकलं," म्हटलं. ते म्हणाले, "अगं, मी विचारलं ना तिला. म्हटलं, मग चंद्रानं ओवाळणी काय घातली? तर म्हणते, काही नाही रे, पण वेळेवर आला."

हे सांगताना ते हसले, आणि मग उठून त्यांनी खुंटीवरची पिशवी सारखी केली. मी पुन्हा म्हटलं, उद्या नेते. ते म्हणाले, "नको. तू स्टेशनपर्यंत सोड. तिथे लिफ्ट आहे आता, पुढचं मी बघतो."

रविवारी सकाळी मी बाळकुमहून गेले. बाबांनी तोच झब्बा घातला होता. अनारसे मऊ पडले असतील म्हणून वाटेत चिवड्याचं पाकीट घेतलं. स्टेशनसमोर रिक्षांच्या गर्दीत जेमतेम जागा मिळाली, मी दार उघडून त्यांना हात दिला, पिशवी त्यांनी स्वतःच घेतली. मी येऊ का बरोबर, असं विचारायचं माझ्या ओठांवर होतं. त्यांनी मागे न वळता हात हलवला आणि ते लिफ्टच्या दिशेने गेले. बाबांना घेऊन नव्या टायरांवर मी केलेला प्रवास तो एवढाच, त्यांच्या इमारतीपासून डोंबिवली स्टेशनपर्यंत.